मस्टँगच्या मागच्या एक्सलचं क्राउन-पिनियन बदलणं: ३.०८ वरून ३.७३

माझी मस्टँग १९९२ ची. एलएक्स, ५.० लिटर व्ही-८, पाच गिअरची टी-५ पेटी. कंपनीच्या कागदावर २२५ अश्वशक्ती आणि ३०० फूट-पाउंड टॉर्क. गाडी हलकी आहे, त्यामुळे एवढं भरपूर होतं. तरी पहिल्या गिअरमधून निघताना ती जड वाटते, आणि हायवेवर पाचव्यात टाकली की इंजिन अर्धवट झोपेत असल्यासारखं चालतं. कारण मागच्या एक्सलमध्ये आहे. त्या काळात अमेरिकेत इंधन-बचतीचे सरकारी निकष सांभाळायचे होते, म्हणून या गाड्यांना कारखान्यातूनच २.७३ किंवा ३.०८ असे लांब रेशो आले, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिन कमी फिरतं. इंजिनावर हजारो डॉलर घालण्याआधी क्राउन-पिनियन, म्हणजे मागच्या एक्सलमधला मोठा गिअर आणि त्याला फिरवणारा छोटा गिअर, बदलावं, असं माझं ठाम मत आहे. या गाडीला याच्याइतका फरक पाडणारं दुसरं काम मला माहीत नाही.

मी मिशिगनमध्ये राहतो. इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे अशा गाड्या तेव्हा गॅरेजातच उभ्या असतात. हे काम त्याच दिवसांत काढावं. मापं घ्यायला निवांतपणा मिळतो, आणि ऑगस्टमधल्या वुडवर्ड ड्रीम क्रूझ या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यापर्यंत गिअर चांगले रुळलेले असतात.

रेशो कोणता घ्यायचा

३.०८ म्हणजे क्राउनला ४० दात आणि पिनियनला १३. ३.७३ म्हणजे ४१ आणि ११. भागाकार करून बघा. पिनियनचे दात कमी झाले की चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाला जास्त फिरावं लागतं आणि चाकाला मिळणारा टॉर्क त्याच प्रमाणात वाढतो. ३.०८ वरून ३.७३ ला गेलात की प्रत्येक गिअरमध्ये २१ टक्के वाढ. आपल्याकडे जीपला मोठे टायर घालणारे लोक हेच गणित करतात, फक्त त्यांना टायरने खाल्लेली ताकद परत मिळवायची असते.

आता माझ्या गाडीचे आकडे. टायर २२५/५५ आर १६, म्हणजे व्यास साधारण २५.७ इंच. पाचवा गिअर ०.६८. ताशी ७० मैलांना, म्हणजे सुमारे ११२ किलोमीटरला, ३.०८ वर इंजिन मिनिटाला १,९०० फेऱ्यांच्या थोडं वर फिरतं. ३.५५ वर २,२००, ३.७३ वर २,३००, ४.१० वर २,५५०. पहिला गिअर ३.३५ चा. ५,५०० फेऱ्यांपर्यंत ताणला तर ३.०८ वर ताशी ४१ मैल गाठतो, ३.७३ वर ३४ आणि ४.१० वर जेमतेम ३१.

हा शेवटचा आकडा नीट बघा. ४.१० घातलं की पहिला गिअर चौक ओलांडेपर्यंत संपतो आणि तुमचा हात सतत गिअरच्या दांड्यावर राहतो. फक्त ड्रॅग स्ट्रिपवर गाडी नेणाऱ्याने ते खुशाल घ्यावं. रस्त्यावरच्या पाच गिअरच्या गाडीला मी ३.७३ च सांगतो. रोज लांबचा हायवे असेल तर ३.५५. आणखी एक गोष्ट आधीच समजून घ्या: ३.७३ वर दुसरा गिअर ६० मैलांच्या आत संपतो, म्हणजे शून्य ते साठ मोजताना एक शिफ्ट वाढते. घड्याळातला फरक अपेक्षेपेक्षा कमी दिसेल. खरा फरक जाणवतो तो २० ते ५० मैलांच्या मधल्या चालवण्यात, आणि गाडी चालवायची मजा तिथेच आहे.

सध्या कोणता रेशो आहे हे विचारण्यात वेळ घालवू नका. मागच्या कव्हरच्या एका बोल्टखाली पत्र्याची छोटी पट्टी असते. तीवर ‘३एल०८’ असं असेल तर रेशो ३.०८ आणि मधलं ‘एल’ म्हणजे लिमिटेड स्लिप (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारी रचना), फोर्डच्या भाषेत ट्रॅक्शन-लॉक. पट्टी गंजून गेली असेल तर कव्हर उघडल्यावर दात मोजा. आधीच्या मालकाने काय सांगितलं त्यावर विसंबू नका.

सामान आणि हत्यारं

या गाडीचा एक्सल फोर्डचा ८.८. म्हणजे क्राउनचा व्यास ८.८ इंच. यात एक मोठी सोय आहे: २.७३ पासून ४.१० पर्यंत कॅरिअर (क्राउन ज्यावर बोल्टने बसतो तो भाग) तेच चालतं. काही दुसऱ्या कंपन्यांच्या एक्सलमध्ये रेशो एका हद्दीपलीकडे गेला की कॅरिअरही बदलावं लागतं. दुकानात ‘रिंग अँड पिनियन’ म्हणून मागा. सोबत पूर्ण इन्स्टॉलेशन किट घ्या: पिनियनच्या आणि कॅरिअरच्या चारही बेअरिंग, रेस (बेअरिंगची बाहेरची कडी), शिम (जाडी जमवायच्या पातळ चकत्या), पिनियन सील, नवा पिनियन नट, क्राउनचे बोल्ट आणि दातांचा ठसा बघायची मार्किंग पेस्ट. क्रश स्लीव्ह (नट आवळल्यावर दबणारी पातळ नळी) मात्र किटमधल्या एकीवर भागवू नका, आणखी दोन घेऊन ठेवा. एक्सलचे सील आणि बाहेरच्या बेअरिंगही याच वेळी बदला. या एक्सलमध्ये रोलर थेट शाफ्टवर फिरतात, त्यामुळे शाफ्ट बाहेर आल्यावर त्या पट्ट्यावरून नख फिरवा. खाच लागली तर शाफ्ट गेला.

हत्यारांत पाने-गोट्या, लांब दांडा आणि टॉर्क रेंच हे धरलेलंच आहे. त्याशिवाय चार गोष्टी लागतात. मॅग्नेटिक बेसवरचा डायल इंडिकेटर. मायक्रोमीटर. बेअरिंग काढायला-बसवायला प्रेस आणि स्प्लिटर. आणि इंच-पाउंडची, काट्याची टॉर्क रेंच. ‘टक्’ आवाज करणारी क्लिक रेंच इथे कामाची नाही, कारण आपल्याला फिरत्या पिनियनची ओढ वाचायची आहे. या चारपैकी एकही नसेल तर काम सुरू करू नका. अंदाजाने बसवलेलं क्राउन-पिनियन पहिल्या दिवसापासून ओरडतं.

उघडताना

गाडी सपाट फरशीवर, पुढची चाकं दोन्हीकडून अडवून, मागून स्टँडवर. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. हँडब्रेक सोडलेला हवा.

कव्हरला हात लावण्याआधी ऑइल भरायचा प्लग सुटतो का ते बघा. चौकोनी भोकाचा प्लग असतो, ३/८ चा दांडा थेट त्यात बसतो. मिठाने गंजलेला असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. ऑइल काढून झालं आणि प्लग मात्र सुटत नाही, ही फार वाईट वेळ असते.

मग चाकं आणि ड्रम काढा. प्रोपेलर शाफ्ट आणि पिनियनचा फ्लँज (शाफ्ट जिथे जोडला जातो तो भाग) यांवर रंगाची एक सलग खूण करा आणि शाफ्ट सोडा. त्याच्या बोल्टांना बारा कोनांची १२ मिलिमीटरची गोटी लागते. सहा कोनांची लावून माथे गोल करू नका. कव्हरचे बोल्ट खालून वर सोडा, वरचे दोन शेवटी नुसते ढिले ठेवा आणि ऑइल सावकाश गळू द्या. ऑइलात चंदेरी झाक असणं साहजिक आहे. चिमटीत येतील असे तुकडे असतील तर ते कुठून आले ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कॅरिअर फिरवलं की आडव्या पिनला अडकवणारा बारीक बोल्ट समोर येतो. हा बोल्ट तुटण्यासाठी प्रसिद्ध आहे. सहा कोनांची चांगली गोटी घ्या, थोडी उष्णता द्या, हळूहळू सोडवा. पिन बाहेर काढा, एक्सल आत ढकला, त्याच्या टोकाची सी-क्लिप खाली पडते, मग एक्सल सरळ बाहेर ओढा. पिन बाहेर असताना कॅरिअर फिरवू नका, आतले छोटे गिअर जागा सोडतात.

आता जुन्या जोडीचा बॅकलॅश (दोन दातांमधली फट) डायल लावून मोजा आणि लिहून ठेवा. बेअरिंगच्या टोप्यांवर पंचने खुणा करा: डावीला एक ठिपका, उजवीला दोन. या टोप्या त्या-त्या जागी बसवूनच कारखान्यात भोक पाडलेलं असतं, त्यामुळे अदलाबदल किंवा उलटसुलट चालत नाही. टोप्या काढल्यावर कॅरिअर पहारीने हलकं उचकटावं लागतं. ते जड असतं आणि अचानक सुटतं. दोन्ही बाजूंच्या शिम वेगळ्या पिशव्यांत, डावी-उजवी लिहून.

पिनियनचा नट १ १/१६ इंचाचा. फ्लँज अडवायला भक्कम पट्टी हवी. नट निघाला की पिनियन मागे येतो. त्याच्या मोठ्या बेअरिंगखाली एक शिम असते. मायक्रोमीटरने तीन ठिकाणी मोजा. नव्या पिनियनची सुरुवात याच जाडीने करायची.

ठसा

या कामाचा गाभा इथे आहे. पिनियन क्राउनच्या किती आत शिरला आहे आणि दोन दातांमध्ये किती फट आहे, या दोन गोष्टी जमल्या की गिअर शांत चालतात. दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत, दातावरचा ठसाच त्या सांगतो.

जुन्या बेअरिंगचं आतलं भोक थोडं घासून मोठं करा, म्हणजे ती पिनियनवर हाताने चढते-उतरते. ही झाली सेट-अप बेअरिंग. नवी बेअरिंग दर वेळी प्रेसने काढत बसलात तर तिचं नुकसान होईल. नवे रेस मात्र हाउसिंगमध्ये आधीच ठोकून बसवा. या टप्प्यात क्रश स्लीव्ह घालायचीच नाही, नट फक्त खेळ जाऊन किंचित ओढ येईपर्यंत आवळायचा.

नवा क्राउन कॅरिअरवर चढवण्याआधी दोन्ही पृष्ठभागांवरची बारीक कुसं दगडाने काढा. क्राउन स्वच्छ धुऊन ९० ते ९५ अंश सेल्सियसपर्यंत गरम केला की तो अलगद बसतो. हातमोजे घाला. बोल्ट लाल लॉकटाइट (बोल्ट ढिला होऊ न देणारा चिकट द्रव) लावून, समोरासमोरचे आळीपाळीने, ७० ते ८५ फूट-पाउंडला. बोल्टांनी ओढून क्राउन बसवायचा शॉर्टकट नको, तो तिरका बसू शकतो.

कॅरिअर आत ठेवा, शिम घाला, टोप्या ७० ते ८५ फूट-पाउंडला आवळा. डायलचा काटा क्राउनच्या दातावर बाहेरच्या टोकाला, दाताशी काटकोनात. पिनियन घट्ट धरून क्राउन पुढे-मागे हलवा. फोर्डची मर्यादा ०.००८ ते ०.०१५ इंच. मी नव्या जोडीला ०.००८ ते ०.०१२ मध्ये ठेवतो. चार ठिकाणी मोजा. त्यांत ०.००४ पेक्षा जास्त फरक आला तर क्राउन नीट बसलेला नाही, किंवा खाली कचरा आहे.

क्राउन डाव्या बाजूला असतो. डावीकडची शिम वाढवून उजवीकडची तेवढीच कमी केली की क्राउन पिनियनकडे सरकतो आणि बॅकलॅश घटतो. १० थाउची (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) शिम इकडून तिकडे केली की बॅकलॅश ७ थाउच्या आसपास बदलतो, हे ध्यानात ठेवलं की आकडा लवकर सापडतो.

मग पेस्ट. पिवळी असते, श्रीखंडाइतपत दाट. ब्रशने तीन-चार दातांच्या दोन्ही बाजूंना पातळ थर द्या. जाड थर दिला तर ठसा फसवा उमटतो. एका हाताने क्राउनवर चिंधी दाबून त्याला अडवा आणि पिनियन पाना लावून फिरवा, आधी एका दिशेने, मग उलट. अडवल्याशिवाय ठसा स्पष्ट येत नाही. जिथे दात घासला तिथली पेस्ट निघून धातू दिसतो. तो अंडाकृती डाग म्हणजे ठसा.

क्राउनच्या दाताची फुगीर बाजू म्हणजे ओढ देणारी, खोलगट बाजू म्हणजे अॅक्सिलरेटर सोडल्यावरची. दोन्ही बघायच्या, पण महत्त्व फुगीर बाजूला. आधी उंची बघा: ठसा दाताच्या मुळाशी आहे, टोकाशी आहे की मध्ये? मुळाशी असेल तर पिनियन फार आत गेला आहे, शिम पातळ करा. टोकाशी असेल तर पिनियन बाहेर राहिला आहे, शिम जाड करा. ठसा उंचीच्या मधोमध आला, त्याच्या कडा मऊ असल्या आणि दाताच्या काठापर्यंत पोचल्या नसल्या की खोली जमली. लांबीच्या दिशेने तो मध्यावर किंवा किंचित आतल्या टोकाकडे असावा, कारण जोर पडला की तो बाहेरच्या टोकाकडे सरकतो.

सुरुवातीला एक-दोन थाउने खेळत बसू नका. ५ थाउची शिम बदला, ठसा कुठे सरकतो ते बघा, मग अर्ध्या-अर्ध्याने जवळ या. पिनियनची शिम बदलली की बॅकलॅशही बदलतो, तो परत मर्यादेत आणल्याशिवाय नवा ठसा वाचू नका. प्रत्येक ठशाचा फोटो काढा आणि शेजारी शिमची जाडी लिहा. सगळे फोटो एकत्र बघितले की दिशा लगेच कळते. यात कितीही वेळ गेला तरी द्या. आकडा मर्यादेत आहे पण ठसा मुळाशी आहे, असं झालं तर ठशाचं ऐका.

क्रश स्लीव्ह

खोली ठरली की तीच शिम नव्या बेअरिंगखाली घालून बेअरिंग प्रेसने बसवा. पिनियनवर नवी क्रश स्लीव्ह, हाउसिंगमध्ये पुढची बेअरिंग आणि नवा सील, सीलच्या ओठाला ग्रीस, मग फ्लँज आणि नवा नट. कॅरिअर अजून बाहेरच.

क्रश स्लीव्ह म्हणजे पातळ नळी. नट आवळला की ती दबते आणि दोन्ही बेअरिंगांमधला ताण ठरतो. तिला दाबायला सुरुवातीला दीडशे-दोनशे फूट-पाउंडच्याही वर जोर लागतो. फोर्डचा किमान आकडा १४० आहे. लांब दांडा, फ्लँजला पट्टी, आणि शक्य असेल तर पट्टी धरायला दुसरा माणूस. फ्लँजचा पुढे-मागे खेळ असेपर्यंत बिनधास्त आवळा. खेळ संपला की थांबा. यापुढे नट एका वेळी घड्याळातल्या दोन-तीन मिनिटांएवढाच फिरवायचा, पिनियन हाताने चार-पाच फेरे फिरवून रोलर बसू द्यायचे, आणि इंच-पाउंडच्या रेंचने सलग फिरवत काटा वाचायचा. पहिला झटका मोजायचा नाही, फिरत असतानाची ओढ मोजायची. नव्या बेअरिंगला १६ ते २९ इंच-पाउंड, वापरलेल्यांना ८ ते १४.

इथे गंमत अशी की काटा बराच वेळ ४-५ वर रेंगाळतो आणि मग नटाच्या अगदी छोट्या फेऱ्यात एकदम वर उडी घेतो. म्हणून १२ दिसल्यावर नट अगदी केसभर फिरवा. २९ च्या वर गेलात तर नट मागे सोडून आकडा जमवू नका. दबलेली स्लीव्ह परत फुलत नाही, नट सोडला की ताणच जातो आणि पिनियन हलायला लागतो. फ्लँज काढा, सील काढा, नवी स्लीव्ह घाला. जादा स्लीव्ह घ्यायला सांगितल्या त्या याचसाठी.

परत जोडणी

कॅरिअर शेवटचं बसवताना दोन्ही बाजूंच्या शिम प्रत्येकी ६ थाउने वाढवा. हा कॅरिअर-बेअरिंगचा प्रीलोड (आधीच दिलेला ताण), फोर्डचीच पद्धत. शेवटची शिम पितळी हातोडीने ठोकूनच जाते. हाताने गेली तर कमी आहे. बॅकलॅश आणि ठसा पुन्हा एकदा तपासा, मग पेस्ट पुसून टाका.

एक्सल, सी-क्लिप, आडवी पिन, तिचा बोल्ट नवा, लॉकटाइटसह १५ ते ३० फूट-पाउंडला. कव्हरचा पृष्ठभाग खरवडून स्वच्छ, सिलिकॉनची अखंड रेघ प्रत्येक भोकाच्या आतून, बोल्ट सुमारे ३० फूट-पाउंड. सिलिकॉन वाळू द्या. प्रोपेलर शाफ्ट खुणेला खूण जुळवून. ट्रॅक्शन-लॉक असेल तर आधी फ्रिक्शन मॉडिफायर (ट्रॅक्शन-लॉकसाठी ऑइलात घालायचं द्रव्य), ४ औंस, मग ऑइल भोकाच्या खालच्या काठापर्यंत. मॉडिफायर विसरलात तर वळणावर मागून कडकड आवाज येतो.

स्पीडोमीटर विसरू नका. या गाडीत केबल आहे आणि ती मैलाला १,००० फेरे मारेल असा हिशोब असतो. पेटीच्या आतल्या ड्राइव्ह गिअरचे दात गुणिले एक्सलचा रेशो गुणिले टायरचे मैलाला होणारे फेरे, भागिले १,०००, म्हणजे केबलच्या टोकाच्या प्लॅस्टिक गिअरला लागणारे दात. माझ्या टायरचे मैलाला साधारण ८०७ फेरे होतात. आत ७ दातांचा गिअर असेल तर ३.०८ ला १७ आणि ३.७३ ला २१. गिअर तसाच ठेवलात तर काटा २१ टक्के जास्त वेग दाखवेल आणि ओडोमीटरही तेवढाच धावेल. आत ८ दातांचा असेल तर गणित २४ वर जातं आणि तेवढे दात बाजारात सहज मिळत नाहीत, म्हणून आत किती आहेत ते आधी मोजा.

रुळवणं

पहिल्यांदा १५-२० मिनिटं हलक्या पायाने चालवा आणि गाडी पूर्ण थंड होऊ द्या. हाउसिंगला हात लागेल इतकी. असं दोन-तीनदा. नव्या दातांची पहिली उष्णता बेताबेताने गेली पाहिजे, नाहीतर पृष्ठभाग जळतो आणि तो आवाज आयुष्यभर राहतो. पहिले ५०० मैल जोरात स्टार्ट नाही, हायवेवर एकाच वेगाने तासन्‌तास नाही, मागे ट्रेलर तर नाहीच. ५०० मैलांनंतर ऑइल आणि मॉडिफायर दोन्ही नवं.

या काळात रेडिओ बंद ठेवून ऐका. अॅक्सिलरेटर दिल्यावरच शिट्टी येत असेल तर फुगीर बाजूच्या ठशाकडे परत जा, सोडल्यावरच येत असेल तर खोलगट बाजूच्या. अॅक्सिलरेटरशी संबंध नसलेली, वेगाबरोबर वाढणारी घरघर असेल तर ती दातांची नाही, बेअरिंगची. एका ठरावीक वेगालाच फार हलकी गुणगुण येत असेल आणि ५०० मैलांत ती वाढली नसेल, तर एक्सल परत उघडू नका.